हाताशी असलेला शोध

वाचताना एखादा कठीण शब्द अडतो. आपण उठतो, कपाटातून शब्दकोश काढतो आणि अर्थ पाहून परत येतो. तोपर्यंत वाचनाची गोडी कमी झालेली असते. शब्दकोश हाताशीच असता तर किती बरे झाले असते!

संगणकावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही असाच अनुभव येतो. संगणक चूक दाखवतो. तिचा अर्थ शोधण्यासाठी हातातले काम सोडून ब्राउझर उघडावा लागतो. ही अडचण दूर करण्याची सोय काही साधनांत असते. ‘ईमॅक्स’ हे त्यांपैकी एक. मजकूर व प्रोग्राम लिहिण्याचे हे साधन आहे. रिचर्ड स्टॉलमन यांचे ‘जीएनयू ईमॅक्स’ १९८५ साली प्रसिद्ध झाले. २०१४ साली त्यात ‘ईडब्ल्यूडब्ल्यू’ नावाचा छोटा ब्राउझर आला. त्याला हवे ते शब्द द्यावेत. शोधाची उत्तरे ईमॅक्समध्येच दिसतात.

हे कसे घडते? ईमॅक्स प्रथम शोधयंत्राचा पत्ता घेतो. आपले शब्द तो अधिक चिन्हाने जोडतो आणि पत्त्याच्या शेवटी लावतो. उर्दू किंवा देवनागरी अक्षरे पत्त्यात सांकेतिक रूपात जातात. देवनागरी ‘क’ला तीन बाइट लागतात, तर उर्दूतील ‘काफ’ला दोन. म्हणून आपल्या भाषेतही प्रश्न विचारता येतो.

मात्र एक गोष्ट विसरू नका. आपण लिहिलेले शब्द आपल्या संगणकावर राहत नाहीत. ते दुसऱ्याच्या संगणकाकडे जातात. चुकीच्या संदेशात कधी आपले नाव असते, कधी पासवर्डही असतो. तो संदेश न वाचता तसाच पाठवला, तर घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती दिल्यासारखे होईल. म्हणून खाजगी मजकूर आधी काढून टाकावा. मिळालेले उत्तरही समजून घेतल्याशिवाय वापरू नये. शोधण्याचे काम यंत्र करते. विचार आपल्यालाच करावा लागतो.

शब्दार्थ
हाताशी – जवळ, लगेच मिळेल असे
सांकेतिक – खुणांच्या रूपातील
खाजगी – फक्त स्वतःपुरते

स्वाध्याय
१. ईमॅक्समध्ये शोधाची सोय असल्याने कोणती अडचण दूर होते?
२. शोधाचे शब्द पत्त्याला कसे जोडले जातात?
३. चुकीचा संदेश पाठवण्यापूर्वी तो का वाचावा?
४. ‘हाताशी असणे’ याचा वाक्यात उपयोग करा.