रोगसंशोधनांत नमुना गोठविण्याचें महत्त्व

रोगट पेशींतील सोडियम, पोटॅशियम यांचें प्रमाण कसें बदललें, हें इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून कळतें. कारण प्रत्येक मूलद्रव्याचे किरण निराळे असतात. परंतु आमच्या मतें ह्या परीक्षेचें सारें मर्म नमुना गोठविण्यांत आहे. मांसाचा कण सावकाश गोठल्यास बर्फाचे मोठे स्फटिक बनून पेशी फाटतात व क्षार जागा सोडतात. कृत्रिम रेतनाच्या पात्रांतील द्रव नायट्रोजन (उणें १९६ अंश) आपल्या परिचयाचा आहे. पण त्यांत कण थेट बुडविल्यास, तापल्या तव्यावरील थेंबाप्रमाणें, भोंवतीं वायूचें वेष्टण होऊन गोठणें मंदावतें. म्हणून त्या नायट्रोजननें थंड केलेल्या द्रव प्रोपेनमध्यें कण बुडवितात, थंडींतच पातळ काप घेतात व निर्वातांत सुकवितात. नमुना बिघडल्यावर उत्तम यंत्राचें उत्तरहि विश्वासार्ह नसतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.