ट्रॅक्टराचा सेल्फ न लागल्यास काय पाहावें

सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्याच्या पेरणीस जे दिवस मिळतात ते फार थोडे असतात. काळ्या जमिनींतील वरची ओल उडूं लागली, कीं दोन दिवसांचा खोळंबाही उगवणीस भोंवतो. कारंजा तालुक्यांतील शेतकरी बंधूंस हें सांगावयास नको. अशाच ऐन घाईंत, आश्विनाच्या अखेरीस, आमचा ट्रॅक्टर एके सकाळीं जागचा हलेना. किल्ली फिरवावी तों आंतून नुसता टक्-टक्-टक् असा आवाज यावा आणि इंजिन फिरूं नये. दिवे मात्र स्वच्छ लागत होते. बॅटरी गेली असें आम्हीं मनाशीं ठरविलें, व एका दुकानदारानेंही तेंच सांगितलें. कित्येक हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसविली. पुन्हां तीच टक्-टक्!

तिसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांचा आय. टी. आय. शिकलेला मुलगा आला. बॅटरीच्या ऋण टोंकापासून चॅसीस जाणारी अर्थिंगची पट्टी त्यानें सोडली. तिच्या बोल्टाखालीं गंजाचा जाड थर होता. तो काचकागदानें घासून धातु चकचकीत केला, बोल्ट आवळला, आणि आमच्या आग्रहावरून जुनीच बॅटरी परत लावली. इंजिन पहिल्याच किल्लीस लागलें. तोंवर चार एकरांतील ओल गेली होती; तेथें तुषार संच लावून मग पेरावें लागलें.

आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. स्थळपाहणी व पंचनामा झाल्यावांचून कोणावर ठपका ठेवूं नये, हें तेथें अंगीं मुरलेलें. घरच्या ट्रॅक्टरापाशीं मात्र तें आठवलें नाहीं.

दिवे लागतात म्हणजे वीज पोंचते, मग सेल्फ कां फिरूं नये, असें वाचकांस वाटेल. आम्हांसही वाटलें होतें. ह्याचें कारण असें कीं, पुढच्या एका दिव्यास चार-पांच ॲंपियर वीज पुरते. परंतु थंड डिझेल इंजिन फिरविण्यास सेल्फ दोनशें ॲंपियर व कधीं त्याहूनही अधिक ओढतो. विहिरीवरील नळींत गाळ सांचला, तर घागरीपुरतें पाणी येतें, पण पाट भरत नाहीं. तसाच हा प्रकार आहे. (१९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारीस विजेचा स्टार्टर बसला. त्यापूर्वीं हॅंडल उलटून लोकांचीं मनगटें मोडत, हें आठवलें म्हणजे सेल्फवर फारसें रागावतां येत नाहीं.)

आतां तपासणीचा क्रम. प्रथम ट्रॅक्टर न्यूट्रलमध्यें घालून हात-ब्रेक लावावा. मग दिवे लावून किल्ली फिरवावी, व कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवावे. वारंवार टक्-टक् होऊन दिवे मालवूं लागले, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड खराब आहे. एकदांच दणदणीत ‘खट्’ होऊन पुढें कांहीं न झाल्यास सोलेनॉइड अथवा सेल्फचे ब्रश पाहावे. मुळींच आवाज नसल्यास फ्यूज, किल्लीचा स्विच, क्लच किंवा गिअरजवळचा सुरक्षा-स्विच आणि सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर पाहावी. ही वायर उंदीर हटकून कुरतडतात. इंजिन जोरानें फिरूनही पेट घेत नसेल, तर सेल्फचा दोष नाहीं. डिझेल दाबानेंच पेटतें, त्यास ठिणगी लागत नाहीं. तेव्हां डिझेल, नळींतील हवा, व असल्यास पंपावरील बंद करणारा सोलेनॉइड तपासावा.

बॅटरी कीं जोड, हा निवाडा साध्या मीटरनें होतो. रात्रभर उभ्या ठेवलेल्या बॅटरीच्या दोन टोंकांवर १२.६ व्होल्टांच्या आसपास आंकडा आला तर ती भरलेली, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी. १२ च्या खालीं आल्यास आधीं चार्ज करावी. किल्ली फिरवीत असतां आंकडा साडेनऊच्याही खालीं कोसळला, तर बॅटरीवर संशय घ्यावा. परंतु दिवे मालवत असून टोंकांवरचा आंकडा बाराच्या वरच राहिला, तर बॅटरी निर्दोष आहे. वीज वाटेंत अडली आहे. अशा वेळीं मीटरची एक तार ऋण टोंकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून किल्ली फिरवावी. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा आल्यास अर्थिंग खराब समजावें. मीटर नसेल, तर ऋण टोंकापासून थेट इंजिनाच्या धातूस जाड जंपर वायर लावून पाहावी. तेवढ्यानें इंजिन लागलें, कीं दोष पट्टींत.

खताचीं पोतीं वाहणाऱ्या व पावसाळाभर उघड्यावर राहणाऱ्या ट्रॅक्टरांचे जोड लवकर गंजतात. टोंकांवरील पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून धुवावी. तें पाणी बॅटरीच्या बुचांत जाऊं देऊं नये. सोडतांना ऋण टोंक आधीं सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें, म्हणजे पाना चॅसीस लागून भडका उडत नाहीं. जोड कोरडा करून आवळावा व वरून व्हॅसलीन लावावें. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. तिजजवळ विडी पेटवूं नये.

आणखी एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतों. पेचकस आडवा धरून सेल्फचीं टोंकें जोडण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. त्या वेळीं सुरक्षा-स्विच टळलेला असतो, आणि गिअर चुकून अडकलेला राहिल्यास ट्रॅक्टर तत्काळ चालूं लागतो. जोडणारा माणूस तर मागच्या चाकापुढेंच उभा असतो. पेरणी बुडाली तरी चालेल, पण हा प्रयोग कोणीही करूं नये व सालदारासही करूं देऊं नये.

आमची नवी बॅटरी दुकानदारानें परत घेतली नाहीं. ती घरीं महिन्यांतून एकदां चार्ज करून ठेवतों.