कोळशाचं पोतं खाटेखाली नको

थंडीची चाहूल लागली की चंद्रपूर, घुग्घुस, वणीकडच्या अनेक घरांत दगडी कोळशाची पोती येऊन पडतात. ओल लागू नये म्हणून ती आतल्या खोलीत, कधी थेट खाटेखालीच सरकवली जातात. माझी कळकळीची विनंती आहे, ती आजच बाहेर काढा.

न पेटवलेला कोळसाही हवेतला प्राणवायू ओढून घेतो आणि आतल्या आत तापतो. चुरी जास्त असली की ही उष्णता कोंडून राहते. पोत्याचा मध्य कोमट लागला, वर घामासारखे थेंब दिसले किंवा रॉकेलसारखा वास आला, तर कोळसा उघड्यावर पातळ पसरून निवू द्या. बंद खोलीत असा कोळसा कार्बन मोनॉक्साइडही सोडतो.

साठवायचा तर घराबाहेर छपराखाली, कोरड्या जागी, झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा, तोही थोडाच. जुना संपल्याशिवाय नवा ओतू नका. रॉकेल, कडबा, खताची पोती लांब असू द्या. सिगडीतली राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो.

आता सिगडीविषयी. धूर गेला, निखारे लाल झाले, की ‘आता काही भीती नाही’ म्हणून ती आत घेतली जाते. खरा धोका तेव्हाच असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. खिडकी किलकिली ठेवल्याने भागत नाही. झोपण्यापूर्वी सिगडी बाहेर गेलीच पाहिजे.

बाळंतिणीच्या खोलीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. दारं-खिडक्या लावून, खाटेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची रीत अजून आहे. आजीबाईंची माया मला कळते, पण कोंडलेल्या खोलीतल्या त्या हवेत नवजात बाळही श्वास घेत असतं. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वर गोधडी घाला, ती ऊब उत्तम. गरोदर बाईनेही कोंडलेल्या जागी शेगडीपाशी बसू नये. हा वायू पोटातल्या बाळापर्यंत पोचतो.

घरातल्या दोघातिघांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं आणि अंगणात आल्यावर बरं वाटलं, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. कुणी बेशुद्ध असेल तर दारं उघडा, त्याला ओढत बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात पाणीही घालू नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो, आकडा चांगलाच दाखवतो. दवाखान्यात पोचताच ‘खोलीत सिगडी होती’ हे आधी सांगा, म्हणजे ऑक्सिजन लगेच सुरू करता येतो.