ओबोची रीड: काय बघून घ्यावी, किती मोजावे

अमेरिकेत शाळेच्या बँडमध्ये मुलीच्या वाट्याला ओबो आला, की घरी आधी कौतुक होतं. वाद्य बहुतेकदा शाळेचं किंवा भाड्याचं असतं, त्यामुळे खर्चाचा धसका बसत नाही. महिनाभरात कळतं की पैसे रीडला लागतात. बोरूसारख्या जाड नळाच्या दोन पात्या धातूच्या बारीक नळीवर दोऱ्याने आवळून बांधलेल्या आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला बूच, एवढीच ती वस्तू. (आपल्या सनईच्या तोंडाशी असते, तिचीच ही चुलत बहीण.) ती बिघडली तर हजारो डॉलरचा ओबोही बदकासारखा ओरडतो आणि मूल समजतं की आपल्यालाच जमत नाही.

दुकानात लहानशा डबीत मिळणारी यंत्रावरची रीड साधारण १२ ते २० डॉलरला पडते. वादकाने हाताने घासलेली २० ते ३५ डॉलर. माझं मत स्पष्ट आहे: हातची घ्या. स्वस्त रीड बहुधा जाड ठेवलेली असते. ती फुंकताना गाल दुखतात, खालचे सूर निघत नाहीत आणि शेवटी शिक्षकांकडून घासूनच घ्यावी लागते. शिक्षक स्वतःच रीड विकत असतील तर ‘यांचा धंदा दिसतोय’ असं मनात आणू नका. एका रीडमागे त्यांचा बराच वेळ जातो, आणि तुमच्या मुलीचे ओठ आणि दम त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला माहीत नसतो.

मागवण्याआधी घासणीची, म्हणजे पाती किती लांबीपर्यंत घासून पातळ केली आहे याची, पद्धत विचारा. अमेरिकेत लांब घासणी चालते. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात १९१५ ते १९५४ ओबो वाजवणाऱ्या मार्सेल ताब्यूतो यांच्या शिष्यपरंपरेने ती देशभर रुजवली. ब्रिटन आणि युरोपात आखूड घासणी असते. फुंकण्याची सवय दोन्हींत वेगळी, म्हणून लंडनच्या मावशीने प्रेमाने पाठवलेली रीड न्यू जर्सीच्या भाचीला सहसा लाभत नाही. नवशिक्यांसाठी ‘मीडियम सॉफ्ट’ सांगा. आणि डबीवर ‘इंग्लिश हॉर्न’ लिहिलेलं नाही ना, तेवढं बघा. ती रीड ओबोत बसतच नाही.

आता पारख. रीड दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, औषधाची रिकामी बाटली त्याला पुरते. मग डोळ्यासमोर धरून टोकाची फट बघा. फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. बूच असलेल्या टोकाचं भोक बोटाने दाबून हवा ओढून घ्या. पात्या क्षणभर चिकटल्या आणि मग ‘टप्’ करून उघडल्या, तर रीड हवाबंद आहे. लगेच उघडल्या तर कडेने हवा गळते. गळती थोडी असेल तर प्लंबरची पांढरी टेफलॉन टेप दोऱ्याच्या वरच्या अंगाला ताणून गुंडाळली की भागतं. यानंतर ओठ थेट दोऱ्यापर्यंत नेऊन फुंकायला सांगा. चांगली अमेरिकी रीड खालचा आणि वरचा असे दोन ‘सी’ एकदम काढते. मोबाइलवरचा ट्यूनर लावा. काटा ‘बी’कडे झुकला तर रीड उतरी, ‘सी शार्प’कडे गेला तर चढी. आखूड घासणीच्या रीडला मात्र ही ‘सी’ची कसोटी लावू नका.

नळी साधारण ४७ मिलिमीटरची असते. चढ्या सुरासाठी काही जण ४६ची वापरतात. बूच ओबोच्या खाचेत तळापर्यंत गेलं पाहिजे. जात नसेल तर थोडं कॉर्क ग्रीस लावा. तरीही अडलं तर बूच बारीक घासून घ्यावं लागेल. ते काम शिक्षकांवर सोपवा. रीड डुगडुगत असेल तर परत करा.

रोज अर्धा तास वाजवलं तर चांगली रीड तीन-चार आठवडे टिकते. म्हणजे वर्षाला निदान डझनभर; २८ डॉलरच्या हिशेबाने ३३६ डॉलर. एका वेळी तीन रीड वापरात ठेवा आणि आलटून पालटून वाजवू द्या. खाऊन लगेच वाजवू नये, चूळ भरावी, आणि रीड वाळेल अशा हवेशीर डबीत ठेवावी. हवाबंद डबीत बुरशी धरते.

घरी रीड बनवायचं साहित्य, म्हणजे सुरी, मँड्रेल (नळी धरायची दांडी), नळ्या आणि कोरलेला नळ, यांवर सुरुवातीलाच दीडशे-दोनशे डॉलर जातात आणि हात बसेपर्यंत बऱ्याच रीड कचऱ्यात जातात. हायस्कूलपर्यंत थांबा. लेजेर कंपनीची प्लॅस्टिकची रीड दीडशे डॉलरच्या वर जाते. ती भिजवावी लागत नाही आणि महिनोन्‌महिने चालते, पण आधी कुणाची तरी वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका. सुट्टीत मुंबई-पुण्याला जाणार असाल तर पुरेशा रीड बरोबर न्या, तिथे ओबोची रीड सहज मिळत नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि फटही रुंदावते, हेही लक्षात असू द्या.

डिसेंबरच्या कार्यक्रमाची रीड नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. हाताने करणाऱ्यांकडे तेव्हा रांग असते, आणि नवी रीड आठवडाभर थोडी थोडी वाजवल्यावरच बसते.