सेंद्रिय वाइन : लेबल काय सांगते?

‘सेंद्रिय’ वाइन निर्धोक, असा अनेकांचा समज असतो. सेंद्रिय द्राक्षबागेत कृत्रिम कीटकनाशके व तणनाशके चालत नाहीत. मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण चालते, तेही मर्यादेत. याचा पहिला लाभ फवारणी करणाऱ्या मजुराला होतो. काही दमेकऱ्यांना सल्फाइटने धाप लागते. ते सेंद्रिय वाइनमध्येही असू शकते. युरोपात २०१२ पासून कोरड्या तांबड्या सेंद्रिय वाइनला लिटरमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

मद्यार्क मात्र तसाच राहतो. तोंड, अन्ननलिका व यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच स्पष्ट केला. म्हणून घेणाऱ्याने प्रमाणपत्र पाहून, थोडीच घ्यावी. न घेणाऱ्याने ‘सेंद्रिय’ म्हणून सुरुवात करू नये. गरोदर स्त्रिया व यकृताच्या रुग्णांनी ती वर्ज्यच समजावी.