पोलादपूरच्या खडकातून कार्बनच्या नळीपर्यंत

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. त्याचा हादरा थेट मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. कोयनानगरपासून पोलादपूर सरळ रेषेत अंदाजे 70 किलोमीटर, तर महाड अंदाजे 84 किलोमीटर. मध्ये सह्याद्रीचे डोंगर आणि काळा बेसाल्ट खडक. मग हा धक्का एवढ्या कठीण दगडातून आला तरी कसा?

दगडही लवचिक असतो

रबर ताणून सोडले की मूळ आकारात येते. या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. दगडालाही हा गुण असतो, मात्र त्याचा ताण डोळ्यांना दिसत नाही. खडक म्हणजे एकमेकांना स्प्रिंगांनी जोडलेल्या गोट्यांची रांग आहे, अशी कल्पना करा. पहिल्या गोटीला ढकलले, की ती दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला. प्रत्येक गोटी जागच्या जागी हलते. पुढे जातो तो फक्त धक्का. यालाच तरंग म्हणतात.

गोट्या रांगेच्या दिशेने मागे-पुढे हलल्या तर तो अनुतरंग. आडव्या हलल्या तर अवतरंग. खडक दाबाला जेवढा विरोध करतो, तेवढा आडव्या सरकण्याला करत नाही. म्हणून अवतरंग मागे पडतो. खडकातील अनुतरंगाचा वेग सेकंदाला 6 किलोमीटर आणि अवतरंगाचा 3.5 किलोमीटर धरू.

पोलादपूरला अनुतरंग 70 ÷ 6, म्हणजे सुमारे 12 सेकंदांत पोहोचेल. अवतरंगाला 70 ÷ 3.5, म्हणजे 20 सेकंद लागतील. अंतर पडले 8 सेकंदांचे! पहिला धक्का सौम्य असतो, दुसरा अधिक जोराचा. पहिली थरथर ओळखणाऱ्याला मजबूत टेबलाखाली शिरायला हे 8 सेकंद पुरतात. आणि भूकंपाचे ठिकाण किती दूर आहे, हेही याच फरकावरून काढता येते.

करून पाहा

दोन खुर्च्यांमध्ये एक दोरी किंचित सैल बांधा. सावित्रीच्या पात्रातले सारख्या आकाराचे चार गोटे दोऱ्याने तिला टांगा. दोन लंबकांची लांबी 25 सेंटिमीटर, तिसऱ्याची 15 आणि चौथ्याची 40 ठेवा. आता 25 सेंटिमीटरच्या एका लंबकाला झोका द्या.

थोड्या वेळाने त्याच लांबीचा दुसरा लंबक आपोआप डोलू लागेल आणि पहिला मंदावेल. मग उलट घडेल. उरलेले दोघे मात्र जेमतेम हलतील. 25 सेंटिमीटरच्या लंबकाचा दोलनकाळ सुमारे 1 सेकंद असतो. ज्याचा दोलनकाळ तेवढाच, तोच ऊर्जा घेतो. हे अनुस्पंदन होय. घरांचेही असेच असते. इमारतीचा दोलनकाळ मजल्यामागे ढोबळमानाने 0.1 सेकंद धरतात. जमिनीचे हेलकावे या काळाशी जुळले, तर इमारत जास्त डोलते. म्हणून भूकंपरोधक घर बांधताना इंजिनिअर हे गणित आधी मांडतात.

नळ्यांचे रान

आता सूक्ष्म जगात जाऊ. 1991 साली जपानचे शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांच्या संशोधनाने कार्बनच्या नॅनोनलिकांकडे जगाचे लक्ष वेधले गेले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एकेरी भिंतीची नळी साधारण 1 ते 2 नॅनोमीटर जाडीची असते. आपला केस तिच्यापेक्षा हजारो पट जाड! पण ताणाला विरोध करण्यात ही नळी पोलादाच्या सुमारे पाचपट ताठ, आणि वजनाने कितीतरी हलकी. तरंगाचा वेग ताठपणाने वाढतो आणि घनतेने घटतो. म्हणून नळीच्या लांबीच्या दिशेने अनुतरंग सेकंदाला सुमारे 20 किलोमीटर वेगाने धावतो. असा खडक असता, तर कोयनेचा धक्का साडेतीन सेकंदांतच पोलादपूरला पोहोचला असता!

अशा असंख्य नळ्या भाताच्या रोपांसारख्या शेजारी शेजारी वाढवता येतात. एक डोलली की परस्पर आकर्षणामुळे शेजारणीही डोलतात. एवढ्या नळ्यांतील प्रत्येक अणूचा हिशेब संगणकालाही झेपत नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक नळीला बुडाशी घट्ट रोवलेली लवचिक पट्टी मानतात, शेजारच्या आकर्षणाला छोटी स्प्रिंग मानतात आणि समीकरणे सोडवतात. म्हणजे आपली दोरी आणि लंबकच!

याचा उपयोग काय? करवतीचे पाते टेबलाच्या कडेला दाबून छेडा. मग टोकाला मेणाचा गोळा चिकटवून पुन्हा छेडा, कंपने मंदावतील. नळीवर अतिसूक्ष्म कण बसला, तरी तिची वारंवारता अशीच घटते. त्यावरून कणाचे वस्तुमान कळते.

सांगा पाहू

1. महाडला दोन तरंगांच्या पोहोचण्यात किती सेकंदांचे अंतर पडेल?
2. एखाद्या गावी हे अंतर 5 सेकंद आले, तर भूकंपाचे ठिकाण किती दूर असेल?

(उत्तरे: 1. 10 सेकंद. 2. सुमारे 42 किलोमीटर.)