लिव्हर रायफल विकण्याआधी

पॉइंट टू-टूची लिव्हर रायफल नेमाला कच्चीच असते, हा समज अमेरिकेतल्या रेंजवर सर्रास भेटतो आणि त्यापायी चांगल्या रायफली पडत्या भावात विकल्या जातात. मी ओहायोत राहते. माझी लिव्हर रायफल जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली आहे. आली तेव्हा ५० यार्डांवर तिच्या गोळ्या चार-पाच इंचांत विखुरायच्या. आज त्याच नळीतून, बेंचवर टेकवून झाडलेल्या दहा गोळ्या दोन इंचांच्या आत बसतात. मधल्या काळात एकही महागडा भाग बदललेला नाही. जे केलं ते कुणालाही घरच्या टेबलावर आणि रेंजवर करता येण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझा नेम कोल्हापूरचा. एनसीसीत पॉइंट टू-टू हातात आली ती बोल्टची. जमिनीवर पालथं पडून पाच गोळ्या झाडायच्या, मग उस्ताद टार्गेटवर पट्टी ठेवून ग्रुप मोजायचे. गोळ्या मध्यभागी लागल्या का, हे ते नंतर बघत. आधी त्या एकमेकींच्या जवळ आहेत का, एवढाच प्रश्न. ही शिस्त फार मोलाची आहे. मध्यभाग साईट फिरवून गाठता येतो, विखुरलेल्या गोळ्या साईट फिरवून जवळ येत नाहीत.

पण बोल्टच्या रायफलीवर शिकलेलं सगळंच लिव्हरला लागू पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. काडतूस तेच, पॉइंट टू-टू लाँग रायफल. मात्र ती रायफल एकेक गोळी हातानं भरायची, जड नळीची, खांद्या-गालाच्या मापानं जुळवलेली असते. लिव्हर रायफलीचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. १८६० साली बेंजामिन टायलर हेन्रीनं पेटंट घेतलेली रायफल नळीखालच्या मॅगझिनमधून एकामागून एक गोळ्या झाडायची. तिच्यात महत्त्व वेगाला होतं. १८९१ च्या मार्लिनपासून छोट्या काडतुसाच्या लिव्हर रायफलींची परंपरा चालत आली, ॲनी ओकलीनं त्या मार्लिन वापरल्या, पुढे ३९ए आली, १९७२ ते २००५ या काळात विंचेस्टरची ९४२२ निघाली. सगळ्यांची ठेवण साधारण सारखी: लाकूड दोन तुकड्यांत, नळीखाली मॅगझिनची लांब नळी, आणि दोन्ही नळ्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या. गोळी नळीतून जाताना नळी थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली पाहिजे, आणि इतके भाग तिला चिकटलेले असताना नेमकं तेच अवघड जातं.

माझ्या रायफलीत पहिला दोष स्क्रूंचा निघाला. काही लिव्हर रायफलींत रिसीव्हरच्या वर एक पातळ आवरण असतं आणि दुर्बीण त्या आवरणावरच्या खाचांत बसते. आवरणाचे स्क्रू किंचित सैल झाले की दुर्बीण नळीपासून वेगळी हलू लागते. बघायला सगळं घट्ट दिसतं. मी रायफल मऊ कापडावर ठेवून दुर्बीण दोन बोटांनी डावी-उजवीकडे दाबली, तेव्हा सांध्यापाशी केसाएवढी हालचाल जाणवली. ५० यार्डांवर केसाएवढ्या हालचालीचा इंच होतो. स्क्रू मापाच्या स्क्रूड्रायव्हरनं, थोडा थोडा आळीपाळीनं आवळा. बळ लावू नका, मऊ धातूतले आटे लगेच मरतात. दस्त्याचा मोठा स्क्रू, पुढच्या लाकडाचे स्क्रू, पट्ट्यांचे स्क्रू आणि मागच्या साईटची खाच हेही त्याच बैठकीत तपासून घ्या. पट्टीचा स्क्रू मात्र करकचून आवळू नका. ती पट्टी नळीला ओढून धरते, आणि नळी तापली की मार एका बाजूला सरकायला लागतो.

दुसरी गोष्ट टेकवण्याची, आणि माझ्या मते लिव्हर रायफलीचं निम्मं दुखणं इथंच असतं. बेंचवर वाळूची पिशवी ठेवून लोक रायफलीचं टोक तिच्यावर टेकवतात, म्हणजे भार थेट मॅगझिनच्या नळीवर किंवा पट्टीवर येतो. खालून दाब आला की गोळ्या वर चढतात, पिशवी दोन इंच मागे-पुढे झाली की वेगळीकडे जातात. पिशवी रिसीव्हरजवळ, पुढच्या लाकडाच्या मागच्या भागाखाली घ्या आणि लाकडावर खूण करून दर वेळी तिथंच ठेवा. लिव्हर ओढताना रायफल पिशवीवरून उचलावीच लागते, कारण खाली जागा नसते. त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर बैठक मोडते. ती मोडणारच हे धरून चाला आणि प्रत्येक गोळीला गाल, खांदा, पिशवी नव्यानं जुळवा. याच रायफलीनं भराभर झाडण्याची मजा वेगळी आहे, पण ग्रुप मोजायच्या दिवशी ती मजा बाजूला ठेवावी लागते.

ट्रिगरचं थोडक्यात. या रायफलींचं वजन पाच-सहा पौंड, आणि ट्रिगर बहुधा चार-पाच पौंडांचा. जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकी ओढ सहन करून रायफल स्थिर राहायची असेल तर बोट सरळ मागे, सावकाश आलं पाहिजे. वर बाहेरचा घोडा मोठी झेप घेऊन पडतो, म्हणून बोट दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा क्षण बोल्टपेक्षा लांब असतो. आवाज झाल्यावरही साईटवरून नजर उचलू नका. घरी सराव करताना रिकाम्या चेंबरवर घोडा पाडू नका. पॉइंट टू-टूत स्फोटक काडतुसाच्या कडेत असतं, म्हणून पिन कडेवर आपटते आणि काडतूस नसेल तर ती चेंबरच्या काठाला खवणते. वापरलेलं रिकामं काडतूस घालून, दर वेळी थोडं फिरवून सराव करा.

आता काडतुसांबद्दल, कारण पैसे इथंच वाया जातात आणि इथंच वाचतातही. लोक दुकानात जाऊन खोक्यावरचा सगळ्यांत मोठा वेग शोधतात. हाय व्हेलॉसिटीचं काडतूस नळीतून सेकंदाला साधारण १,२५० फुटांनी निघतं, स्टँडर्ड १,०७० च्या आसपास. २० अंश तापमानात ध्वनीचा वेग सुमारे १,१२५ फूट. म्हणजे वेगवान गोळी ध्वनीच्या वर सुरू होते आणि ५० यार्डांच्या आसपास त्याच्याखाली उतरते. ती सीमा ओलांडताना हवेचा रोध मोठा असतो, गोळी डळमळू शकते. स्टँडर्ड गोळी पहिल्यापासूनच खाली असते. गंमत म्हणजे आडवा वाराही वेगवान गोळीलाच जास्त ढकलतो, कारण ढकलणं ठरतं ते तिनं वाटेत किती वेग गमावला त्यावर. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात १०० यार्डांवर स्टँडर्ड गोळी चार इंचांच्या आसपास सरकते, वेगवान गोळी पाच इंचांच्याही पुढे. ईरी सरोवराच्या काठी, जिथे कॅम्प पेरीचे राष्ट्रीय सामने होतात, तिथल्या वाऱ्यात हा फरक कागदावर उघड दिसतो.

पण स्टँडर्ड घेतलं की झालं असंही नाही. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते आणि ती कुणी आधी सांगू शकत नाही. चार-पाच प्रकारांचं एकेक खोकं घ्या. प्रकार बदलताना पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका. आधीच्या गोळ्यांचं मेण नळीत असतं, नव्याचं बसेपर्यंत ग्रुप भरकटतो. एक प्रकार पसंत पडला की त्याच लॉटची खोकी घेऊन ठेवा. लॉट क्रमांक खोक्यावर असतो.

माझा भाचा कोलंबसला असतो. त्याच्या लिव्हर रायफलीनं एका सकाळी तीन गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत घातल्या, दुपारी तीन गोळ्या अडीच इंचांत. मला म्हणाला, "मावशी, नळी गेली असणार. विकूनच टाकतो." मी त्याला दोन्ही कागद एकावर एक धरून उजेडात बघायला सांगितलं. सहाही भोकं मिळून एकच गोल पुंजका दिसत होता. नळी सकाळी उत्तम आणि दुपारी बाद झाली नव्हती. तीन गोळ्यांत खरं चित्र येतच नाही. गणित सांगतं की तीच रायफल, तोच हात असेल तर दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीनं तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या दीडपटीहून थोडा मोठा येतो. म्हणून तीन गोळ्यांवर काडतूस निवडू नका, साईट फिरवू नका आणि रायफलीला नावं तर अजिबात ठेवू नका. दहा-दहाचे निदान दोन ग्रुप, एकाच अंतरावर, सगळी भोकं मोजून. "ही एक माझ्या हातून निसटली" म्हणून एखादं भोक वगळायची सवय लागली की मोजमापाला अर्थ राहत नाही.

साफसफाईचं एक सांगायलाच हवं. मार्लिन ३९ए एका स्क्रूवर दोन भागांत उघडते, म्हणून तिची नळी मागून साफ करता येते. बऱ्याच लिव्हर रायफलींना ती सोय नाही, म्हणून लोक तोंडातून लोखंडी जोडसळई घुसवतात. सळई घासून नळीच्या तोंडाची कड एका बाजूनं झिजते, आणि गोळी नळी सोडतानाच कलते. सेकंडहँड रायफल घेताना भिंगातून ती कड बघा. साफ करायला चेंबरकडून ओढायची दोरी वापरा. आणि दर वेळी घासून लखलखीत करू नका. या काडतुसाला थोडी मळलेली नळी मानवते. शिशाचा संबंध असल्यानं रेंजवरून आल्यावर हात साबणानं धुऊनच डबा उघडा.

दुर्बिणीसाठी एकच सूचना: मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांवर जुळवलेल्या असतात. ५० वर डोळा जरा सरकला की क्रॉस सरकल्यासारखा दिसतो. पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर रायफलींसाठी बनवलेली घ्या, किंवा सरळ पीप साईट. मला पीपच आवडते, रायफलीचा तोल त्यानं बिघडत नाही.

मॅगझिनची नळी फसवी असते. आतली दांडी काढून गोळ्या ओतल्या तरी एखादी उचलणाऱ्या पट्टीवर अडकून राहते आणि पुढच्या लिव्हरला चेंबरमध्ये जाते. टोक सुरक्षित दिशेला ठेवून लिव्हर अनेकदा पूर्ण ओढा, मग चेंबर, पट्टी आणि मॅगझिन तिन्ही डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. गोळी उडाली नाही तर टोक टार्गेटकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबा. काडतूस लहान म्हणून मागच्या बांधाकडे दुर्लक्ष नको, खोक्यावर दीड मैलाचा इशारा छापलेला असतो. आणि अमेरिकेत कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांनी आधी वकिलाला विचारावं. संघराज्याच्या कायद्यानं अशा व्हिसावरच्यांना बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंही त्यात येऊ शकतं.

एवढं सगळं केल्यावर, निवांत हवेत, चार प्रकारची काडतुसं वापरूनही ५० यार्डांवर दहा गोळ्यांचा ग्रुप तीन इंचांच्या खाली येत नसेल, तर रायफल गनस्मिथकडे न्या आणि नळीचं तोंड व चेंबर तपासून घ्या. तोंड झिजलेलं असेल तर ते पुन्हा कापून सरळ करता येतं, आणि ते काम नव्या रायफलीच्या किमतीपुढे किरकोळ असतं. त्यानंतरही विकायचीच ठरली तर ग्रुपचे कागद, काडतुसाचं नाव आणि अंतर लिहून घेणाऱ्याच्या हातात द्या. भाच्यानं अजून विकलेली नाही. त्याच्या रायफलीत पुढच्या लाकडाचा स्क्रू सैल निघाला.